वाडा उतरतोय, पण वस्तू उक्त्या देऊ नका

वाचकाचं पत्र: 'वाईचा आमचा वाडा या दिवाळीनंतर उतरवायचा ठरला आहे. आम्ही तिघं भावंडं. वाड्यात पितळी कड्यांचा शिसवी झोपाळा, सहा कोरीव खुर्च्या, पितळी पत्रा मारलेला पेटारा, लंबकाचं अन्सोनिया घड्याळ, रविवर्मा प्रेसची दोन चित्रं, कर्ण्याचा फोनो, समया, घंगाळं आणि ओसरीच्या भिंतीवर सांबराची शिंगं आहेत. एक व्यापारी सगळ्याचे मिळून 1,10,000 रुपये द्यायला तयार आहे. धाकट्या भावानं त्याच्याकडून 5,000 रुपये इसारही घेतला. पुतण्या म्हणतो, आधी झकास पॉलिश करू, मग लिलावात टाकू. अमेरिकेतल्या माझ्या मुलीला झोपाळा हवा आहे. लिलाव करावा का, कसा करावा?' (एक वाचक, वाई)

सप्रेम नमस्कार.

आधी इसार परत करा, आणि तोही या आठवड्यात. वस्तू तिघांच्या आहेत, त्यामुळे एकट्या भावाला सगळ्यांच्या वतीनं सौदा करता येत नाही. पैसे बँकेतून पाठवा आणि सोबत दोन ओळी लिहा: 'वस्तू सामाईक मालकीच्या आहेत, इतर मालकांची संमती नाही, सबब व्यवहार झालेला नाही, इसार परत करत आहोत.' तिघांच्या सह्यांचं एक संमतिपत्रही आत्ताच करून ठेवा. लिलाव करणारी संस्था मालकीबद्दल लेखी हमी मागते. ऐन वेळी एका भावंडानं हरकत घेतली, तर छापलेल्या कॅटलॉगमधून वस्तू काढावी लागते आणि तो खर्च तुमच्या माथी बसतो.

उक्ता भाव देणाऱ्याला सगळा माल नको असतो, हे लक्षात घ्या. त्याची नजर एखाद-दोन वस्तूंवर असते आणि बाकीच्यांच्या गर्दीत त्या झाकल्या जातात. खुर्च्यांवर तासभर घासाघीस होते आणि निघताना 'ते घड्याळ आणि त्या दोन तसबिरीही द्या टाकून' असं वाक्य येतं. तेव्हा ज्या वस्तूबद्दल कोणी काहीच बोलत नाही, ती आधी तपासा. आणि इथून पुढे प्रत्येक वस्तूचा भाव वेगळा मागायचा, भंगारात जाणाऱ्या घंगाळाचासुद्धा.

आता पुतण्याचं पॉलिश. हे थांबवाच, कारण हे नुकसान भरून येत नाही. जुन्या लाकडाचा वरचा थर उजेडानं, हवेनं, हाताच्या तेलानं आणि घासण्यानं हळूहळू गडद होतो. खुर्चीच्या हातावर जिथे मनगट टेकतं तिथे तो वेगळा, पाठीमागे वेगळा, पायाच्या आतल्या बाजूला आणखी वेगळा दिसतो. जाणकार गिऱ्हाईक हा चढउतारच वाचतं. सँडर फिरवला की मिलिमीटरभर लाकूड जातं, त्याबरोबर हा थर जातो आणि कोरीव पानांच्या धारा बोथट होतात. वर मेलॅमाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) अशा आधुनिक लेपाचा चकचकीत हात दिला की खुर्ची नवी दिसते, आणि नव्या दिसणाऱ्या खुर्चीला नव्या खुर्चीचाच भाव येतो.

तुमच्या फर्निचरवर मूळ पॉलिश शिल्लक आहे का, हे घरीच बघता येतं. बैठकीच्या खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा एक थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटानं बोट टेकवा. चिकट लागलं तर ते चपडीचं, म्हणजे लाखेचं जुन्या पद्धतीचं पॉलिश आहे. काहीच झालं नाही, तर वर आधुनिक लेप चढलेला असण्याची शक्यता मोठी. ही चाचणी एकाच जागी, एकदाच करायची. साफसफाई म्हणाल तर रंगकामाचा मऊ ब्रश आणि कोरडं सुती फडकं, एवढंच. ओल्या फडक्यानं पुसू नका, खोबरेल लावू नका.

पितळालाही हेच. रोजच्या भांड्यांना चिंच, पितांबरी लावतो ते ठीक, पण पेटाऱ्याचा पत्रा आणि झोपाळ्याच्या कड्या यांना हात लावू नका. पावडरीचा पांढरा साका नक्षीच्या खाचांत आणि पत्र्याच्या कडेला लाकडात बसतो, तो पुढे निघत नाही. शिवाय जुन्या पितळाचा तपकिरी थर गेला की नवी ओतीव कडी आणि जुनी कडी यांतला फरक सांगणारा पुरावाच पुसला जातो.

खुणा पुसण्याचं नुकसान किती मोठं असतं, याचं आपल्याच देशातलं उदाहरण चंडीगढचं आहे. 1950 च्या दशकापासून वास्तुरचनाकार पिएर जानरे यांनी तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी केलेल्या सागवानी खुर्च्या पुढे मोडीत निघाल्या, भंगाराच्या भावात गेल्या आणि परदेशी लिलावांत लाखांना विकल्या गेल्या. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर आणि निर्यातीवर बंदी घालावी लागली. त्या खुर्च्यांच्या पाठीवर रंगानं लिहिलेली खात्याची अक्षरं आणि क्रमांक हाच त्यांचा दाखला मानला जातो. ज्यांनी घासून पॉलिश केलं, त्यांनी तो दाखला स्वतःच्या हातानं घालवला. तुमच्या पेटाऱ्याच्या बुडाशी, खुर्चीच्या चौकटीत, घड्याळाच्या मागे खडूचा आकडा, कागदाची चिठ्ठी, शाईचा शिक्का असेल, तर तो तसाच राहू द्या.

सांबराची शिंगं विक्रीच्या यादीतून आजच काढा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची खरेदी-विक्री करता येत नाही. व्यापाऱ्यानं ती यादीत धरली असतील, तर तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. वन खात्यानं आजोबांच्या नावे दिलेलं शिंगांचं मालकी प्रमाणपत्र आहे का, हे जुन्या कागदांत शोधा. ते असो वा नसो, उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी विचारणा करा. 2022 च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्र असलेली अशी वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकाकडे जमा करता येते. मोबदला मिळत नाही, पण घरातली जोखीम जाते. हस्तिदंताचंही तसंच. पानाच्या डब्यावर किंवा पेटाऱ्याच्या कुलुपाभोवती पांढरी जडावाची फुलं असतील, तर भिंगातून बघा. हाडावर बारीक काळपट ठिपके आणि खाचा दिसतात. हस्तिदंताच्या कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते. 'शंभर वर्षं जुनं असलं तर चालतं' असं बाजारात सांगतात. भारतात ते चालत नाही.

आता एकेक वस्तू.

झोपाळा ही तुमच्या यादीतली सगळ्यात विचार करण्यासारखी वस्तू. बहुतेक जण फळीकडे बघतात, पण भाव पुष्कळदा कड्यांचा असतो. कड्यांत हत्ती, मोर, पोपट, घोडेस्वार अशा आकृत्या आहेत का, चारही बाजूंचा क्रम एकसारखा आहे का, ते बघा. मग प्रत्येक दुवा जिथे दुसऱ्या दुव्याला टेकतो, तिथे बोट फिरवा. खऱ्या जुन्या कडीत नेमकी तीच जागा गुळगुळीत खाच पडून झिजलेली असते आणि न टेकणाऱ्या भागावर नक्षी तशीच ताठ राहते. नव्या कड्या जुन्या म्हणून विकताना आम्लानं हिरवा-काळा रंग चढवतात. तो सगळीकडे सारखा येतो, झीज मात्र येत नाही. साच्याचा दोषही बघा. तीन मोरांच्या पंखांवर नेमका एकाच जागी एकच खड्डा असेल, तर तिन्ही मोर एकाच नमुन्यावरून हल्ली ओतलेले असावेत. फळी अखंड आहे की दोन फळ्या जोडलेल्या, ते खालून कळतं. करवतीचे वण सरळ आणि थोडे वेडेवाकडे असतील तर हातकरवत. कमानीसारखे गोल असतील तर गोल पात्याची यंत्रकरवत, म्हणजे काम नंतरचं.

झोपाळा उतरवण्याआधी तो आढ्याला लटकलेला असतानाचे फोटो घ्या, मागे वाड्याचे खांब दिसतील असे. वाडा गेल्यावर हा फोटो पुन्हा मिळणार नाही, आणि 'ही वस्तू या घरातून आली' हे सांगणारा तोच सगळ्यात भक्कम कागद आहे. मग प्रत्येक कडीला वरून खाली 1, 2, 3 अशा पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या दोऱ्यानं बांधा आणि चार कड्या चार गोणपाटांत वेगळ्या ठेवा. आढ्यातले लोखंडी हूकही सोबत ठेवा. फळी एकाला, कड्या दुसऱ्याला अशी फोड करू नका.

खुर्च्यांत 'सहा' हा आकडा महत्त्वाचा आहे. जुळणाऱ्या सहांचा संच म्हणजे सुट्या सहा खुर्च्यांपेक्षा बराच वरचा माल. तेव्हा एकेक भावंडानं दोन-दोन घ्यायचं ठरवणार असाल, तर ते नीट जाणून ठरवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत काळ्या शिसवाचं दाट कोरीव फर्निचर होत असे, बाजारात त्याला बॉम्बे ब्लॅकवुड म्हणतात. तुमच्या खुर्च्या त्या घराण्यातल्या आहेत का, हे प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कोणीही सांगू नये. पण काही गोष्टी तुम्हीच तपासू शकता. शिसव सागापेक्षा स्पष्टपणे जड असतो, जांभळट-तपकिरी अंगावर काळ्या रेघा असतात. न दिसणाऱ्या जागी लाकूड फिकट आणि वर गडद रंग असेल, तर दुसऱ्याच लाकडाला शिसवी रंग दिलेला आहे. कातीव पाय कॅलिपरनं दोन दिशांनी मोजा. जुना पाय अगदी किंचित लंबगोल झालेला असतो, कारण लाकूड वाळताना वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं जास्त आकसतं आणि गाभ्याच्या दिशेनं कमी. स्क्रू बघा: फुलीच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकातले किंवा नंतरचे. ते दुरुस्तीतही आलेले असू शकतात, म्हणून एका स्क्रूवरून निकाल देऊ नका, पण सहाही खुर्च्यांत मूळ सांध्यांत तेच असतील तर वय कमी धरा.

वेताची बैठक असेल तर चौकटीच्या कडेनं बघा. रांगेत भोकं पाडून त्यांतून वेत ओवला असेल तर हातची वीण. कडेला खाच कोरून त्यात तयार जाळी दाबून पट्टी ठोकली असेल तर यंत्राची. फाटलेली वीण फाटलेलीच पाठवा. प्लॅस्टिकच्या वेतानं विणून घेतलंत, तर घेणाऱ्याला ती आधी काढण्याचा खर्च धरावा लागतो, आणि तो तेवढी बोली कमी लावतो.

पेटाऱ्याबद्दल थोडक्यात: आत हात घालून सगळे कप्पे, चोरकप्पेसुद्धा, रिकामे करा. कागद सापडले तर वाचल्याशिवाय टाकू नका. पत्रा उचकटून खालचं लाकूड बघायचा मोह टाळा. कीड मात्र तपासा. पेटारा आणि खुर्च्या पंधरा दिवस काळ्या कागदावर ठेवा. एक-दोन मिलिमीटरच्या भोकांखाली पिठासारखा ताजा भुसा पडला तर भुंगा जिवंत आहे. अशी वस्तू गोदामात घेत नाहीत, कारण एक किडका पेटारा शेजारच्या दहा वस्तू बिघडवतो. रॉकेल ओतू नका; डाग पडतात, वास राहतो आणि आतल्या अळीपर्यंत ते नीट पोचतही नाही. वस्तू वेगळी ठेवा, संस्थेला आधी सांगा आणि उपचार त्यांच्या माहितीतल्या माणसाकडून करून घ्या.

घड्याळावर अन्सोनिया हे नाव असल्यामुळे एक भ्रम आधीच दूर करतो. अन्सोनिया ही अमेरिकी कंपनी 1850 मध्ये सुरू झाली आणि 1929 मध्ये तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाला विकली गेली. म्हणजे घड्याळ 'पेशव्यांच्या काळातलं' असूच शकत नाही, पेशवाई 1818 मध्येच संपली होती. अशी एक चुकीची गोष्ट वर्णनात गेली की घेणारा तुमच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. तपासायचं ते असं: तबकडीवरचं नाव, आतल्या यंत्राच्या पितळी पाटीवरचा ठसा आणि पेटीच्या मागचा किंवा आतला कागद, हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का? आपल्याकडे एका घड्याळाचं यंत्र दुसऱ्याच्या पेटीत आणि तिसऱ्याची तबकडी असं पुष्कळ झालेलं आहे. जुळलं तर भाव वेगळा, नाही जुळलं तर ती शोभेची वस्तू. बंद असेल तर चावी देऊन जोर लावू नका. काटे उलटे फिरवू नका, ठोक्यांचा हिशेब चुकतो. खोबरेल तेल तर अजिबात घालू नका. साधारण 24 अंशांखाली ते गोठतं, धूळ धरतं आणि खिळींची भोकं झिजतात. प्रवासाला लंबक आणि चावी काढून कापडात वेगळी, पण घड्याळाच्याच खोक्यात.

फोनोबद्दल स्पष्ट बोलतो, कारण फसवणूक सगळ्यात जास्त इथेच होते. चकचकीत पितळी कर्णा, खाली नवी नक्षीदार लाकडी पेटी आणि त्यावर कुत्र्याच्या चित्राची पाटी, असे जुळवलेले नग आजही तयार होऊन पर्यटकांना विकले जातात. आतलं यंत्र एखाद्या सुटकेसच्या फोनोतून काढलेलं असतं. तुमचा वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या असेल तर शंका कमी, तरीही पेटीवरची पाटी, यंत्रावरचा ठसा आणि साउंडबॉक्सवरचं (सुई बसते त्या गोल डबीवरचं) नाव जुळवून बघा. सोबत तबकड्या असतील तर एक धोका सांगून ठेवतो: 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्याच मिश्रणाच्या असतात. ज्या स्पिरिटनं खुर्चीचं पॉलिश चिकट झालं, तेच स्पिरिट तबकडीची खाच विरघळवतं. तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचलेल्या खालच्या तडकतात. नेताना स्प्रिंग पूर्ण उतरू द्या.

आणि त्या दोन तसबिरी. माझा अंदाज असा, की व्यापाऱ्याच्या 1,10,000 मागे त्या असाव्यात. राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. छपाई त्यानंतरही अनेक वर्षं चालली. त्यामुळे 'रविवर्मा प्रेस' अशी ओळ असलेलं प्रत्येक चित्र रविवर्म्यांच्या मूळ चित्रावरून आलेलं नसतं, एम. व्ही. धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांची चित्रंही तिथे छापली गेली. दगडी छपाईचं चित्र दहापट भिंगातून बघितलं तर ठिपके अनियमित, कोळशाच्या कणांसारखे दिसतात. नीट रांगेतले, फुलाच्या आकारात बसलेले चार रंगांचे ठिपके दिसले तर ती अलीकडची ऑफसेट प्रत. खालच्या पांढऱ्या पट्टीवरची छापखान्याची ओळ हाच चित्राचा जन्मदाखला. पूर्वी चौकटीत बसवताना ही पट्टी कापून टाकायचे. तुमची असेल तर दुधात साखर. देवीच्या साडीवर जर, टिकल्या, कापड चिकटवलेलं असेल तर ते काढू नका, त्याची वेगळी आवड असणारे संग्राहक आहेत. आणि काच उघडून चित्र बाहेर काढायला जाऊ नका. ओलीनं कागद काचेला चिकटलेला असतो, ओढला की चेहऱ्याचा रंग काचेवर राहतो. चौकटीसकट, मागच्या फळीसकट, मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी असेल तर तिच्यासकट द्या.

समया, घंगाळं, तांबे यांतलं बरंचसं लिलावाला जाणार नाही. त्यांचा भाव वजनावर जवळपास ठरतो. घरात वाटून घ्या.

कायद्याचं एक प्रकरण उरलं. 1972 चा पुरावस्तू आणि कला खजिना कायदा शंभर वर्षांवरच्या कलावस्तू आणि कारागिरीच्या वस्तू पुरावस्तू मानतो. हस्तलिखितं, दस्तऐवज यांना मर्यादा 75 वर्षांची. पुरावस्तू देशात विकता येते, पण तिचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो. म्हणून व्यापाऱ्याकडे परवाना मागा. उत्तर टाळलं तर तिथेच थांबा. सगळ्या पुरावस्तूंची नोंदणी लागत नाही. दगडाच्या आणि धातूच्या मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं, लाकडातल्या कोरीव आकृती अशा ठरलेल्या वर्गांना लागते. तुमच्या यादीत देवघर नाही, पण वाड्यात ते असणारच. त्यातल्या शंभर वर्षांवरच्या धातूच्या मूर्ती कोणालाही देण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे अर्ज करा, आणि नोंद झालेली मूर्ती हस्तांतरित केली तर तेही कळवा. वाडा पाडताना पायात किंवा भिंतीत नाण्यांचा गडू निघाला, तर तो तुम्ही, मजुरानं किंवा बिल्डरनं परस्पर ठेवून घ्यायचा नाही. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ठेकेदाराच्या करारात ही ओळ घालून घ्या.

आता लिलावाचा हिशेब, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. हातोडा पडतो तो आकडा तुमच्या हातात येत नाही. समजा झोपाळा 80,000 वर गेला आणि विक्रेत्याकडून 12 टक्के कमिशन ठरलं: 9,600. त्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी: 1,728. फोटो आणि कॅटलॉग समजा 1,500, विमा दीड टक्क्यानं 1,200, वाईहून मुंबईला टेम्पो आणि हमाली 7,000. गेले 21,028, उरले 58,972. घेणाऱ्याकडूनही संस्था वेगळा अधिभार घेते. तो 20 टक्के धरला तर त्याला 96,000 आणि वर कर पडतो. तो बोली लावताना हा 96,000 चा आकडा मनात धरतो, म्हणून हे ओझं अंशतः तुमच्यावरच येतं. यावरूनच ठरतं काय पाठवायचं. ज्या वस्तूला कमीत कमी किती येतील याचा अंदाज 15,000 च्या आत आहे, तिला टेम्पोच खाऊन टाकतो. माझं मत विचाराल तर झोपाळा, दोन तसबिरी, जुळल्या तर सहा खुर्च्या आणि तिन्ही खुणा जुळल्या तर घड्याळ, एवढंच लिलावाला. तसबिरी आणि घड्याळ एका गाडीच्या डिकीत जातात, तिथे खर्च फार कमी.

मुंबईत सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू अशा संस्था आहेत, नाण्यांसाठी टोडीवाला. पण प्रत्येक संस्था प्रत्येक वस्तू घेत नाही. म्हणून आधी पहिल्या तिन्ही संस्थांना एकच फोटोसंच पाठवा. प्रत्येक वस्तूचे आठ-दहा फोटो, दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय: समोरून, मागून, खालून, सांध्यांचे, खुणांचे आणि प्रत्येक तुटीचा मोजपट्टी ठेवून. उंची, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये. तूट लपवू नका; ती पुढे उघडी पडली की विक्री रद्द होते. सोबत अर्धं पान माहिती: वस्तू कुठे होती, कोणी आणली असं घरात सांगतात, कोणत्या साली. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून ती लिहून त्यांची सही-तारीख घ्या. लग्नाच्या जुन्या फोटोत मागे झोपाळा किंवा खुर्ची दिसते का बघा. किर्दीत खरेदीची नोंद सापडली तर त्याची प्रत जोडा. भावाचा अंदाज स्वतः काढायचा तर विक्रीला लावलेल्या किमती बघू नका, त्या कोणीही काहीही लावतो. झालेल्या लिलावांचे निकाल बघा, तशाच मापाचे आणि तशाच स्थितीतले तीन तरी.

करारात तीन गोष्टींवर सही करण्याआधी बोट ठेवा. राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली वस्तू विकायची नाही तो आकडा, लेखी हवी; ती साधारणपणे संस्थेनं दिलेल्या खालच्या अंदाजापेक्षा वर ठेवता येत नाही. पण ती नसेल तर चार घेणाऱ्यांनी आपसांत साटंलोटं करून बोली न चढवली की वस्तू मातीमोल जाते. फार चढी राखीव किंमतही मारक आहे, कारण न विकली गेलेली वस्तू पुढच्या वेळी 'परत आलेली' म्हणून ओळखली जाते. दुसरं, विकली गेली नाही तर काय शुल्क आणि परत आणायचा खर्च कोणाचा. तिसरं, पैसे किती दिवसांत. घेणाऱ्यानं पैसे भरल्यावरच तुम्हाला मिळतात, तेव्हा महिना-दीड महिना सहज धरा. वस्तू देण्यापासून लिलावापर्यंत तीन-चार महिनेही लागतात. दिवाळीनंतर वाडा उतरणार असेल तर फोटो आत्ताच पाठवायला हवेत, आणि मधल्या काळासाठी कोरडी खोली बघायला हवी. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली शिसवी फळी एका उन्हाळ्यात फाटते.

कराबद्दल: घरात वापरातलं फर्निचर वैयक्तिक वापराच्या वस्तूंत मोडतं आणि त्याच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. चित्रं आणि कलावस्तूंना ती सूट नाही. तसबिरींसाठी 1 एप्रिल 2001 च्या बाजारभावाचं मूल्यांकन करून घेतलं तर नफा त्यावरून मोजता येतो. झोपाळा नेमका कशात धरायचा, हे सीएला वस्तूचे फोटो दाखवून विचारा.

राहिली मुलगी. झोपाळा शंभर वर्षांवरचा असेल, तर तो अमेरिकेला पाठवता येणार नाही. खासगी व्यक्तीला पुरावस्तूची निर्यात करता येत नाही, भेट म्हणूनही नाही, सुटे भाग करूनही नाही. त्याहून नवा ठरला तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागेल. वर शिसव 2017 पासून त्याच्या सगळ्या जातभाईंसह आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे, त्यामुळे जड फळीला वेगळी परवानगी लागेल. एखादा 'घरगुती सामान' असं लिहून कंटेनरमध्ये टाकून देतो म्हणाला, तर ऐकू नका. माल बंदरावर अडकला की जप्त होतो आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. मुलीला तो खरंच हवा असेल, तर तिघांच्या संमतीनं तिच्या नावे ठरवा आणि पुण्यात किंवा वाईतच नव्या घरात टांगा. स्लॅबमध्ये हूक टाकायचे असतील तर ते बांधकामाच्या वेळीच, सळयांना धरून बसवायला इंजिनिअरला आत्ता सांगा. नंतर ठोकलेल्या हुकावर शिसवी फळी आणि पितळी कड्या टांगणं धोक्याचं आहे.